जुलैत कसली पानगळ? विस्टेरियाच्या नावाखाली माझे ४,३३० रुपये गेले

विस्टेरिया, म्हणजे जांभळ्या फुलांच्या घोसांची वेल, असं सांगून एका विक्रेत्याने मला बोगनवेलीच्या काड्या पाठवल्या. चार ‘कलमं’, ८५० ला एक, म्हणजे ३,४००. कुरिअरचे २८०, वर ‘खास खत’ ६५०. एकूण ४,३३०, तेही सगळे आगाऊ, यूपीआयने. वेलीसाठी अंगणात लोखंडी मांडव करून घेतला त्याचे ११,५०० वेगळेच.

त्याच्या व्हिडिओत जपानमधल्या आशिकागाची ती प्रसिद्ध जांभळी वेल, आणि खाली लिहिलेलं, ‘पुण्याच्या हवेत पहिल्याच वर्षी फुलणार’. मी काही नवखी नाही. वीस वर्षं जुई, मधुमालती, कृष्णकमळ वाढवतेय. पण विस्टेरिया इथे कुणाच्या दारी पाहिलीच नव्हती, मग पडताळून बघायचं कशाशी?

पार्सल आलं १४ जुलैला. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या चार उघड्याबोडक्या काड्या, टोकांना मेण. विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, "ताई, पानगळीची वेल आहे, पानं झडतातच." आणि मी "बरं" म्हणाले! बाहेर धो धो पाऊस, कुंपणावर मधुमालती पानांनी गच्च भरलेली, आणि मी ऐकून घेतलं. पानगळीची वेल थंडीत उघडी पडते, भर पावसाळ्यात नाही. त्या एका "बरं"चा आजही संताप येतो.

दोन काड्या कुजल्या. उरलेल्या दोन ऑगस्टमध्ये फुटल्या. साधी, सुटी पानं आणि पानाच्या बगलेत काटा. विस्टेरियाचं पान कढीपत्त्यासारखं, एका दांड्यावर ओळीने पर्णिका, काटा नसतोच. बियांपासूनचं रोप फुलायला दहा-पंधरा वर्षंही लावतं. पहिल्या वर्षी फुलं देतो म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

चौकीत गेले. "झाडाची कसली तक्रार? रोप मिळालं ना?" दोन तास बाकावर बसवलं आणि सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, आधी चौकीतून अर्ज आणा. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. कृषी कार्यालयात पानं घेऊन गेले, तर साहेबांनी पिशवी उघडूनसुद्धा पाहिली नाही. रक्कम लहान म्हणून ती चोरी नाही का? आम्ही कुणाच्या दारात जायचं?

फसलात हे कळताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, माझ्यासारखा महिना घालवू नका. आगाऊ पैसे देऊच नका. रोप पानांसकट, डोळ्यांनी बघून घ्या. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि कुरिअरची चिठ्ठी जपून ठेवा. मी ती गोणपाटाबरोबर फेकून दिली, आणि चौकीत सगळ्यात आधी मागितली ती तीच.