आधी अवयव पाडा, मग छेदाकडे वळा

परिमेय राशींची बेरीज-वजाबाकी मुलीला काही केल्या जमेना, म्हणून या विषयाचे रेकॉर्ड केलेले धडे घेतले. शेजारी वही उघडून मीही सगळे पाहिले. फक्त पुढच्या एका उदाहरणासाठी घेतले असते तरी पैसे वसूल झाले असते:

५/(क्ष² + क्ष − ६) − ४/(क्ष² − ४)

लेक सवयीप्रमाणे छेदाला छेद गुणायला लागली. खाली क्ष⁴ + क्ष³ − १०क्ष² − ४क्ष + २४ एवढं लांबलचक आलं आणि तिने पेन ठेवलं. रीत चूक नाही, पण मग याचे अवयव कोण पाडत बसणार? बाईंनी छेदांना हात लावला तो अवयवांसाठीच: (क्ष + ३)(क्ष − २) आणि (क्ष + २)(क्ष − २). (क्ष − २) दोन्हीकडे आहे, तो लसाविमध्ये एकदाच घ्यायचा. १२ आणि १८ छेद असले की आपण ३६ घेतो, २१६ नाही, तसंच हे. मग अंशात ५(क्ष + २) − ४(क्ष + ३), म्हणजे उरलं क्ष − २! तोच अवयव खालीही आहे, तो गेला. उत्तर १/((क्ष + २)(क्ष + ३)). लेकीने व्हिडिओ थांबवून तेच गणित न बघता पुन्हा सोडवलं.

वजाबाकीतल्या कंसापाशी बाई मुद्दाम थांबतात, ते मला फार आवडलं. ऋण चिन्ह कंसातल्या दोन्ही पदांना लागतं. आमच्याकडे −४(क्ष + ३) चं हमखास −४क्ष + १२ व्हायचं. (३ − क्ष) म्हणजे −(क्ष − ३), हेही नीट समजावलंय. सोपी बेरीज मात्र उगाच चार धडे चालते, ती पुढे ढकलली तरी चालेल.

खटकलं ते सरावाच्या उत्तरांत. अवयव छाटला गेला तरी मूळ छेद शून्य करणारी किंमत चालत नाही. वरच्या गणितात क्ष ला २, −२ आणि −३ तिन्ही वर्ज्य आहेत. धड्यात बाई हे सांगतात, पण उत्तरांच्या पानावर कुठेच छापलेलं नाही, आणि छाटलेला २ तर उत्तराकडे बघून कळतच नाही. आम्ही प्रत्येक उत्तरापुढे त्या किमती पेन्सिलने लिहून घेतल्या.