पेंटॅक्स पॅपिलिओ २ (६.५×२१): चतुर आणि टाचण्या पाहण्यासाठी कशी आहे?

पक्षी पाहायला घेतलेली दुर्बीण चतुरांवर रोखली की पहिली अडचण अंतराची येते. नेहमीच्या ८×४२ (८ पट मोठे दाखवणाऱ्या, ४२ मिलिमीटर भिंगांच्या) दुर्बिणीला साधारण दोन-तीन मीटरच्या आतले स्पष्ट दिसत नाही. टाचणी (चतुराचीच सडपातळ नातलग) जेमतेम तीन-चार सेंटीमीटर लांब, आणि तिची जात ठरवणारी खूण उदराच्या टोकाला, मिलिमीटरभराची. पॅपिलिओ ही छोटी दुर्बीण अर्ध्या मीटरपर्यंत फोकस होते. ३ मीटरवरून ८ पट म्हणजे नुसत्या डोळ्यांनी सुमारे ३७ सेंटीमीटरवरून पाहणे. ५० सेंटीमीटरवरून ६.५ पट म्हणजे ८ सेंटीमीटरवरून. इतक्या जवळच्या वस्तूवर आपली नजर एरवी स्थिरावतच नाही. म्हणून या कामासाठी 'किती पट' यापेक्षा 'किती जवळून' हे आधी बघावे.

चाक जवळच्या अंतराकडे फिरवले की पुढची दोन्ही भिंगे एकमेकांकडे सरकतात. साध्या दुर्बिणीत इतकी जवळची वस्तू दोन वेगवेगळ्या वर्तुळांत जाते आणि डोळे दुखायला लागतात. इथे चित्र एकच राहते.

नर-मादी ओळखायला याचा खरा उपयोग होतो, कारण रंग फसवतो. कोवळे नर बऱ्याचदा मादीच्याच रंगाचे असतात आणि ऑर्थेट्रमसारख्या चतुरांच्या अंगावरचा निळसर पांढरा चूर्णाचा थर वयात आल्यावरच चढतो. त्यामुळे आधी उदराचा दुसरा-तिसरा खंड खालून बघावा. तिथे फुगवटा असेल तर नर, कारण त्याचे दुय्यम जननेंद्रिय तिथे असते. मग उदराच्या टोकाच्या आकड्यांकडे, म्हणजे चिमट्यासारख्या अवयवांकडे, वळावे. नर चतुराला वर दोन आणि खाली एक, नर टाचणीला वर दोन आणि खाली दोन. याच आकड्यांनी चतुर मादीचे डोके धरतो आणि टाचणीचा नर तिची मान. एकमेकींशी साम्य असलेल्या कित्येक जातींत आकड्यांच्या आकारावरूनच निर्णय होतो. प्रकाश चांगला असेल तर ५० ते ८० सेंटीमीटरवरून हा आकार स्वच्छ दिसतो, पंखाच्या टोकाजवळचा रंगीत ठिपकाही दिसतो. दोन डोळे डोक्यावर एकमेकांना भिडलेत की मध्ये फट आहे, हे तर मीटरभरावरूनही कळते.

एवढ्या जवळून फक्त काही मिलिमीटर जाडीचा पट्टाच स्पष्ट राहतो. मागून पाहिले तर डोळे नीट आणि उदर धूसर, किंवा उलटे. म्हणून कीटकाच्या बाजूला जावे, म्हणजे डोक्यापासून आकड्यांपर्यंत सगळे एका प्रतलात येते.

वापरण्याआधी डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक भरून काढणारी कडी) जुळवून घ्यायलाच हवे. मीटरभरावरचे गवताचे पाते निवडा, उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने ते स्पष्ट करा, मग डावा मिटून उजव्या नेत्रिकेची कडी फिरवा. हे टाळले तर जवळून एक डोळा कायम धूसर राहतो आणि दोष दुर्बिणीला दिला जातो. चतुराला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते आणि हालचाल त्याला लगेच कळते. दुर्बीण आधीच डोळ्यांना लावून, खाली वाकून, पुढे सरकावे. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नये. उडालाच तर तिथेच थांबावे. काठीवर बसणारे बरेच चतुर त्याच जागी परततात.

याच मालिकेतली ८.५×२१ मात्र या कामाला घेऊ नये. ६.५ चे दृश्यक्षेत्र ७.५ अंश, म्हणजे अर्ध्या मीटरवर साधारण साडेसहा सेंटीमीटर. बहुतेक चतुर त्यात पूर्ण मावतात. ८.५ ला ६ अंशच मिळतात, हात हलल्याचे जास्त जाणवते आणि डोळ्याकडे बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत ३.२ वरून २.५ मिलिमीटरवर येतो, म्हणजे चित्र कमी उजळ दिसते.

उणिवाही आहेत. २१ मिलिमीटरची भिंगे संध्याकाळी कमी पडतात, त्यामुळे तिन्हीसांजेला उडणाऱ्या चतुरांसाठी ही उपयोगाची नाही. जवळून दूरवर यायला चाक बरेच फिरवावे लागते. पँटाला फ्लॅव्हेसेन्ससारखे न थांबता घिरट्या घालणारे चतुर हातातून निसटतात. त्यांच्यासाठी फोकस आधीच चार-पाच मीटरवर लावून ठेवावा. ही जलरोधकही नाही. ओढ्याकाठी वापरताना पट्टा गळ्यात असू द्या, आणि पाऊस असेल तर ती बंद पिशवीत ठेवा. वजन २९० ग्रॅम आहे, त्यामुळे ८×४२ सोबत बाळगणेही सहज जमते.