उडत्या कापसात नऊ महिने: २१ व्होल्टचा कॉर्डलेस ब्लोअर

इचलकरंजीत कॉम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्याला धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावाच्या हवेत कापूस आहे. कारखान्याच्या ऑफिसातला पीसी उघडला की हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, अक्षरशः गोधडी पसरलेली दिसते. पंखा फिरत असतो, पण वारा पलीकडे जातच नाही. मशीन तापून मधेच बंद पडतं आणि मालकाला वाटतं, व्हायरस आला.

वायरचा ब्लोअर, म्हणजे जोराच्या वाऱ्याने धूळ उडवणारं मशीन, माझ्याकडे होताच. पण या ऑफिसांत एखादाच प्लग पॉइंट मोकळा असतो आणि तोही कपाटामागे. म्हणून दिवाळीनंतर दोन बॅटऱ्यांचा कॉर्डलेस घेतला. तेव्हापासून तो रोज हातात आहे.

घेताना सगळ्यात जास्त गोंधळ व्होल्टचा होतो. दुकानात काही बॅटऱ्यांवर ४८, काहींवर ८८ असे आकडे छापलेले दिसतात. मी माझ्या दोन्ही बॅटऱ्या फुल चार्ज करून मल्टिमीटर लावला, तर २०.६ व्होल्ट. हिशोब सरळ आहे. आत लिथियमचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका सेलचे सरासरी ३.६ धरले तर १८ व्होल्ट होतात, आणि पूर्ण भरल्यावरचे ४.२ धरले तर २१. म्हणजे ‘१८’, ‘२० मॅक्स’ आणि ‘२१’ ही एकाच बॅटरीची तीन नावं. बघायचं ते अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो. माझी बॅटरी २ अँपिअर-अवरची, त्याला १८ व्होल्टने गुणलं की साधारण ३६ वॉट-अवर. मोटरने पूर्ण वेगात ३०० वॉट ओढले तर ती सात मिनिटांत संपणार, आणि माझ्या घड्याळातही साडेसहा-सात मिनिटंच भरतात. खोक्यावर तासाभराची गोष्ट लिहिलेली असली तरी मनात हाच हिशोब ठेवा. एका पीसीला दीड मिनिट पुरतं, त्यामुळे माझी तक्रार नाही.

जोडणी अवघड नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. बॅटरी सगळ्यात शेवटी. नळी बसवताना, बदलताना, जाळी साफ करताना बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवलेली दिसली पाहिजे. हवा ओढण्याच्या बाजूची जाळी काढली की आतल्या पंख्याच्या पात्यापर्यंत बोट सहज पोचतं, आणि ट्रिगर तर हातात धरतानाच दाबला जातो. नळीवरची खाच तोंडावरच्या खुणेसमोर आणायची, आत ढकलायची आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत फिरवायची. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून ती अर्धवट फिरली होती. पूर्ण ट्रिगर दाबताच नळी सुटली आणि समोरच्या लोखंडी कपाटावर जाऊन आदळली. मधे कोणी उभं नव्हतं. आता प्रत्येक वेळी नळी एकदा ओढून बघतो, मगच बॅटरी सरकवतो. ट्रिगर दाबलेलाच ठेवणारं लॉकचं बटणही मी वापरत नाही, कारण ब्लोअर हातातून निसटला तरी तो चालूच राहतो.

सोबत कापडी पिशवी येते. ती हवा बाहेर पडते तिथे लावायची आणि नळी उलट बाजूला, की व्हॅक्युम तयार. आमच्या गावात हे करू नका. मी एकदाच केलं आणि दोन मिनिटांत जळका वास आला. बॅटरी काढून आत पाहिलं, तर कांडीवर सूत गुंडाळावं तसा कापूस पंख्याच्या दांड्याभोवती घट्ट बसला होता. ब्लेडने कापून काढायला अर्धा तास गेला. आणि दिवे घालवून या ब्लोअरच्या फटीतून पाहा, ब्रशच्या मोटरमध्ये, म्हणजे आत कार्बनचे तुकडे घासत असतात तिथे, निळसर ठिणग्या दिसतात. ठिणगी आणि कापूस एका डबीत का नकोत, हे कापड गावातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ब्रशलेस मोटरमध्ये या ठिणग्या नसतात, पण त्या मशीनला पैसे जास्त पडतात. पुढच्या वेळी मी तीच घेणार आहे.

पीसी साफ करताना पंखा अडकवून ठेवायचा, हे सगळ्यांत महत्त्वाचं. जोराच्या वाऱ्यावर तो स्वतःच्या वेगापेक्षा कितीतरी जास्त वेगाने फिरतो. ऐकायला छान वाटतं, पण बेअरिंग जातं, आणि फिरणारी मोटर जनरेटरसारखी उलटा करंटही देऊ शकते. मी पात्यांत बॉलपेन अडकवतो. त्याआधी केबल काढायची, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरायचं, कॅबिनेटच्या धातूला हात लावायचा. बसलेला कापूस रंगाच्या मऊ ब्रशने सोडवायचा आणि मग एक वीत अंतरावरून थोडा थोडा वारा मारायचा. प्लॅस्टिकची नळी बोर्डाला टेकवायची नाही. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, उघडू नका, केबल काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो. बाहेरून जाळीतून मारा. चालू मागावर किंवा विजेच्या चालू पॅनेलवर तर ब्लोअर नकोच. पावसाळ्यात कापूस दमट होऊन चिकटतो, तेव्हा ब्रशच खरा.

हे सगळं ऑफिसात करायचं नाही. कॅबिनेट उचलून उघड्यावर न्यायचं आणि वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. हा नियम मी आमच्या अण्णांसाठी पाळतो. त्यांनी तीस वर्षं माग चालवला. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळून यायची आणि पुढचे दिवस जरा बरे जायचे. घरात सगळे त्याला हवापालट म्हणायचे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या आजाराची हीच खूण असते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ब्लोअर धूळ संपवत नाही, तिची जागा बदलतो. ती दुसऱ्याच्या छातीत जाणार असेल तर माझं काम चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. मी स्वतः एन-९५ मास्क आणि बाजू झाकणारा चष्मा लावल्याशिवाय ट्रिगर दाबत नाही.

एका कारखान्यात पाळी संपवून निघालेले मामा म्हणाले, “भावा, जरा अंगावरचा कापूस पण उडव की.”

मी म्हटलं, “नको मामा, डोळ्यात-कानात जाईल. हा ब्रश घ्या.” ते नाराज झाले, पण ब्रश घेतला. वारा माणसाच्या अंगावर कधीच मारायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

बॅटरीबद्दल माझी खरी तक्रार आहे. दोनपैकी एक पाचव्या महिन्यात बसली. दुकानदाराने ‘बॅटरीवर वॉरंटी नसते’ म्हणून हात झटकले, आणि पावतीवर खरोखरच तसं बारीक अक्षरात छापलेलं होतं. ते घेतानाच वाचा. यात थोडी चूक माझीही असावी. उन्हाळ्यात काम संपलं की गरम बॅटरी तशीच चार्जरला लावत होतो. आता हाताला गार लागेपर्यंत थांबतो, फरशीवर ठेवून चार्ज करतो, गादीवर किंवा कापडाच्या गठ्ठ्याजवळ नाही, आणि रात्रभर लावून ठेवत नाही. चार-आठ दिवस काम नसेल तर अर्धी भरलेली ठेवतो. उरलेली बॅटरी अजून सहा मिनिटं देते.

रोज संध्याकाळी हवा ओढायची जाळी जुन्या टूथब्रशने साफ करतो. बोटभर कापूस निघतो. तो ओल्या फडक्यात घेऊन डब्यात टाकतो. कोपऱ्यात झटकत नाही, कारण अण्णा तिथेच खुर्ची टाकून बसलेले असतात.