कार्बट्यून प्रो: मॅपला दोष देण्याआधी हे लावून पाहा

जुनी, दोन सिलिंडरची इंजेक्शन गाडी आयडलला धडधडली, कमी आरपीएमला झटके देऊ लागली की लोक थेट फ्युएल मॅप (इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचे याचा संगणकातला तक्ता) बदलायला निघतात. घाई नको. २००३ पासूनच्या सुझुकी एसव्ही६५० मध्ये बरेचदा दोन थ्रॉटल बॉडींचा (सिलिंडरला जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागांचा) व्हॅक्यूम सारखा नसतो, आणि तो दोष मॅपने झाकला जातो, सुटत नाही.

हा व्हॅक्यूम मोजून जुळवायचा गेज म्हणजे कार्बट्यून प्रो. जुन्या गेजसारखा यात पारा नाही, स्टीलच्या सळ्या आहेत; त्यामुळे पारा इंजिनात ओढला जाण्याची भीतीच नाही. नळीतले बारीक छिद्राचे डॅम्पर मात्र विसरू नका, नाहीतर सळ्या नाचत राहतात आणि वाचन हाती लागत नाही. गेज उभाच टांगायचा.

आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स, एअर फिल्टर आणि इनटेक रबरातली हवागळती तपासा. गळती असेल तर सिंक (दोन्ही बाजूंची जुळणी) टिकणार नाही. इंजिन पूर्ण गरम, आयडल १३०० च्या आसपास. मग दोन्ही सळ्या समान उंचीवर येईपर्यंत सिंक स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवा. दर वेळी थ्रॉटल एकदा उघडून सोडा, मगच वाचा. समोर पंखा लावलेला बरा.

त्यानंतर टीपीएस, म्हणजे थ्रॉटल किती उघडा आहे ते सांगणारा सेन्सर: डीलर मोडमध्ये (डॅशबोर्डच्या दुरुस्तीसाठीच्या मोडमध्ये) दिसणाऱ्या सी०० या कोडच्या आधीची आडवी रेघ मधोमध हवी.

एकाच सिलिंडरच्या बुलेटवाल्यांनी यावर पैसे घालवू नयेत. तिथे जुळवायला दुसरा सिलिंडरच नाही. दोन किंवा चार सिलिंडर असतील तर जरूर घ्या.