लुइव्हिलचे मुहम्मद अली सेंटर: लढतींचा क्रम आपण जुळवायचा

अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या लुइव्हिल येथील मुहम्मद अली सेंटर पाहायला जाणाऱ्याने मुष्टियोद्धा अलींच्या कारकिर्दीचा सालवार आराखडा घरूनच मनात घेऊन जावा. ओहायो नदीच्या काठी २००५ साली उघडलेल्या या संग्रहालयाची मांडणी लढतींच्या क्रमाने नव्हे, तर आत्मविश्वास, तत्त्वनिष्ठा, समर्पण, दातृत्व, आदर आणि अध्यात्म या सहा मूल्यांभोवती केलेली आहे. अली हा माणूस समजून घ्यायचा असेल, तर ही रचना उत्तम आहे. मुष्टियोद्धा अली शोधायला आलेल्याला मात्र दुवे स्वतः जुळवावे लागतात.

ते जुळवणे आवश्यक आहे, कारण या कारकिर्दीचे दोन भाग पडतात आणि त्यांच्यामध्ये साडेतीन वर्षांची पोकळी आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमधील सुवर्णपदकानंतर व्यावसायिक झालेल्या या तरुणाने १९६४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सनी लिस्टनकडून हेवीवेट जगज्जेतेपद हिसकावले, ते मुख्यतः पायांच्या चपळाईवर. हात खाली सोडून, ठोसा येताच नुसते मागे झुकून तो चुकवण्याची त्यांची सवय दुसऱ्या कोणा शिकाऊ खेळाडूची असती, तर प्रशिक्षकाने ती पहिल्याच आठवड्यात मोडून काढली असती. १९६७ मध्ये त्यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात दाखल होण्यास नकार दिला. किताब गेला, लढण्याचे परवाने गेले, पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. ती सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये रद्द केली खरी, परंतु १९७० साली रिंगणात परतलेल्या अलींचे पाय पूर्वीचे राहिले नव्हते. यापुढचे अली मार सोसून जिंकणारे अली आहेत. १९७४ मध्ये किन्शासा येथे दोरांना टेकून त्यांनी जॉर्ज फोरमनला दमवले आणि आठव्या फेरीत पाडले, त्याचे वर्णन सहसा चतुराई म्हणून केले जाते. माझ्या मते त्या चतुराईत नाइलाजाचाही वाटा होता. तत्त्वनिष्ठेच्या विभागात तो नकार पाहताना त्याची ही शारीरिक किंमत ध्यानात ठेवली, तर तेथील मजकुराला वेगळेच वजन येते.

मुलांना सर्वाधिक आवडेल तो पेनसिल्व्हेनियातील डियर लेक येथील अलींच्या सरावतळाच्या धर्तीवर उभारलेला भाग. तेथे रिंगण आहे आणि ठोसे मारण्याचा सराव स्वतः करून पाहता येतो. बॉक्सिंगच्या अभ्यासकाने मात्र अधिक वेळ लढतींच्या चित्रफिती निवडून पाहण्याच्या सोयीला द्यावा. आधी साठच्या दशकातील लढती पाहाव्यात, मग सत्तरच्या दशकातील जो फ्रेझरविरुद्धच्या, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. एकूण ५६ विजय आणि ५ पराभव या आकड्यांचाही मग उलगडा होतो: पाचपैकी तीन पराभव वयाच्या छत्तिसाव्या वर्षी किंवा त्यानंतरचे आहेत, आणि त्यांपैकी १९८० ची लॅरी होम्सविरुद्धची लढत कोणत्याही चाहत्याला पाहवत नाही.

सिनसिनाटी किंवा इंडियानापोलिस भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे ठिकाण मोटारीने साधारण दोन तासांच्या अंतरावर आहे. धावती भेट देण्यापेक्षा अर्धा दिवस मोकळा ठेवूनच जावे.