थंडीत अंघोळीचं पाणी कशावर तापवायचं: रॉड, गिझर, गॅस, सोलर का बंब?

आपल्या मराठवाड्यात थंडीचं बिल म्हणजे खरंतर अंघोळीच्या पाण्याचं बिल. खोली गरम करायला आपल्याकडं कोण पैसे घालतंय, गोधडी नाहीतर वाकळ अंगावर ओढली की झालं. पण मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येच्या आसपास सकाळी गच्चीवरच्या टाकीची तोटी सोडली की हात बधिर होतो, परभणीला तर काही वर्षी पारा पाच-सहाच्या पण खाली जातो, आणि तेव्हा घरोघरी एकच विषय, पाणी तापवायचं कशावर. दुकानदाराला विचारलं तर तो त्याच्याकडं जे पडलंय तेच भारी म्हणणार, म्हणून हिशोब आपणच लावलेला बरा.

आधी एक बादली धरू. २० लिटरची बादली, टाकीतलं पाणी सकाळी १६ अंश, आणि अंघोळीला ४२ अंश पाहिजे. एवढं तापवायला कशावरही तापवा, साधारण ०.६ युनिट उष्णता लागतेच. मग तो पाचशे रुपयाचा रॉड असू दे नाहीतर दहा हजाराचा फाइव्ह स्टार गिझर, पाण्याला काही फरक पडत नाही. रॉड जास्त बिल खातो असं घरोघरी सांगतात पण ते काही खरं नाही, रॉड तर पाण्यातच बुडालेला असतो, त्याची जवळपास सगळी उष्णता पाण्यालाच जाते. उलट गिझर तासन्‌तास चालू ठेवला तर टाकीतली उष्णता बाहेर झिरपत राहते आणि स्टारचा फरक पडतो तो तिथं. म्हणजे अंघोळीच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं लावून बंद करणाऱ्या घराला स्टार किती याचं फार टेन्शन घ्यायची गरज नाही, दिवसभर बटण चालू ठेवून कामावर जाणाऱ्यांनी मात्र घ्यावं.

रॉडचा तोटा बिलात नाही, जिवात आहे. रॉड चालू असताना बादलीत बोट घालून पाणी बघायची सवय आपल्याकडं लई जणांना आहे, आणि अर्थिंग तर जुन्या घरात नावालाच असतं. आधी बटण बंद, मग पिन काढायची, मग हात, ह्यात चूक नाही झाली पाहिजे. रॉड घ्यायचाच तर आयएसआय मार्क बघून घ्या, पाण्याची खूण असते तिच्या खाली पाणी ठेवू नका, आणि प्लास्टिकच्या बादलीला रॉड टेकला की बादली वितळते म्हणून स्टीलची वापरायची तर मग ती बादली शॉकसाठी आणखी वाईट, म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. लाकडी पट्टीवर मधोमध टांगा. घरात लेकरं असतील तर माझं म्हणणं सरळ आहे, रॉड नकोच.

आता व्होल्टेज. खेड्यात सकाळी व्होल्टेज पडतं, बल्ब पिवळा होतो, आणि रॉड "ताकद धरत नाही" अशी तक्रार असते. २३० च्या जागी १८० व्होल्ट आलं की १५०० वॅटचा रॉड ९००-९५० वॅटचाच राहतो, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते. म्हणजे जी बादली पंचवीस मिनिटात तापायची तिला चाळीस मिनिटं. बिल मात्र तेवढंच, कारण युनिट तेवढेच लागतात. चार माणसं, एक रॉड, आणि शाळेची गाडी साडेसातला, असं असलं की मग गिझर नाहीतर गॅसच बघावं लागतं.

गॅस गिझरचं सांगतो, कारण हल्ली सगळे तिकडंच चाललेत. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून गॅस गिझरवर अशा सव्वादोनशे-अडीचशे बादल्या निघतात. सिलिंडर ९०० रुपये धरला तर बादली पावणेचार-चार रुपयाला पडली. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या म्हणजे एक सिलिंडर दोन महिने. आता विजेचं बघा. महावितरणचे घरगुती स्लॅब १०० पर्यंत, मग १०१ ते ३००, मग पुढचे. पहिल्या स्लॅबातून दुसऱ्यात गेलं की युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो, वरून वीज शुल्क. बरेच जण काय करतात, एकूण बिल भागिले एकूण युनिट असं करून "आमाला तर सात-आठ रुपयेच पडतंय" म्हणतात. पण घरात पंखा, फ्रिज, टीव्ही, मोटर हे आधीच चालू असतंय आणि त्यातच शंभर भरत येतात, गिझरचे महिन्याचे सत्तर-पंच्याहत्तर युनिट येतात ते सगळे वरून, म्हणजे महागाच्या दरानं. त्यामुळं गिझरची बादली साताला पडते, गॅसची चाराला. एकटादुकटा राहणारा, सगळं मिळून शंभरच्या आतच राहणारा माणूस असेल तर त्याला दोन्हीकडं बादली चार रुपयाच्याच आसपास, त्यानं गॅसच्या नादी लागू नये.

पण गॅस गिझर बाथरूमच्या आत लावायचा नाही म्हणजे नाही. आपल्याकडची बाथरूम चार बाय पाच, खिडकी एवढीशी, ती पण थंडीत लावलेली नाहीतर पोतं कोंबलेलं. गॅस जळताना आतला ऑक्सिजन संपतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. माणसाला गुंगी येते, पाय लटपटतात, आणि कडी आतून लावलेली. दरवर्षी थंडीत अशा बातम्या वाचायला मिळतात. बसवणारे कारागीर "कुठं पाइप वाढवता, आतच बसवून टाकू" म्हणतात, त्यांचं अर्ध्या तासाचं काम वाचतं म्हणून. त्यांचं ऐकू नका. गिझर बाहेरच्या भिंतीला, बाल्कनीत नाहीतर मागच्या अंगणात, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. बाहेर टांगायला जागाच नसेल तर हा पर्याय तुमच्यासाठी नाही, विषय संपला.

सोलर वॉटर हीटरबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, पटलं तर घ्या. थंडीत आपल्याकडं आभाळ निरभ्र, ऊन खणखणीत, पाणी मस्त तापतंय यात वाद नाही. पण चार जणांच्या घराचा गिझरचा थंडीचा खर्च महिन्याला आठशे-साडेआठशे, आणि कडक थंडी तीन-चार महिने. उन्हाळ्यात तर आपल्या टाकीतलंच पाणी असं तापतंय की थंड करून अंघोळ करावी लागते, मग गच्चीवरचा सोलर तेव्हा काय कामाचा. तीस हजाराचा दोनशे लिटरचा सोलर नऊ ते बारा वर्षांनी पैसे फेडणार, आणि मधेच काचेच्या नळ्या फुटल्या तर अजून लांबलं.

त्यात आपल्या पाण्याचं गाऱ्हाणं वेगळंच. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे विसरलो नाही आपण, आणि आज पण कित्येक शहरांत नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतंय. गच्चीवरची टाकी रिकामी पडली की सोलरच्या नळ्या कोरड्या तापतात, मग भर दुपारी नळ आला म्हणून कुणी मोटर लावली की थंड पाणी तापलेल्या काचेवर जाऊन नळी तडकते. कोरडी पडली असेल तर संध्याकाळी ऊन उतरल्यावरच भरायची, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. शिवाय गच्चीपासून खाली बाथरूमपर्यंत पाइपात साचलेलं थंड पाणी सकाळी आधी बाहेर येतं, ते मोरीत सोडून देणारे पण आहेत, देवा. बादलीत धरा, भांडी-फरशीला होतंय. बोअरच्या क्षाराचं पाणी असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांचा फ्लॅट प्लेटवाला घेऊ नका, क्षार बसून चोंदतो, काचेच्या नळ्यांचा त्यातल्या त्यात बरा. गिझरच्या कॉइलवर पण हाच पांढरा थर बसतो. थर्मोस्टॅट ६० ऐवजी ५० वर ठेवला तर कमी बसतो, आणि दिवाळीच्या आधी एकदा खोलून साफ करून घ्यायचा.

गच्चीवर पैसे घालायचेच असतील तर मी आधी वीज तयार करणारे पॅनल बघीन. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅटला व पुढं ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतंय. थंडीत गिझर, मे महिन्यात कूलर, बारा महिने कामाला येतंय. पाणी तापवायचा सोलर एकत्र कुटुंब, वसतिगृह, दवाखाना अशा ठिकाणी शोभतो, जिथं रोज दहा-पंधरा बादल्या लागतात.

आणि बंब. शहरातल्या लोकांना हसू येईल पण शेत असलेल्या घराला बंबाएवढं स्वस्त दुसरं काही नाही. एका बाजूनं कळशीभर थंड पाणी ओतलं की ते तळाला जातं आणि दुसऱ्या बाजूच्या तोटीतून तेवढंच कढत पाणी बाहेर, मधल्या नळकांड्यात विस्तव धगधगत असतो. जळण म्हणाल तर कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, मक्याची बिट्टी, गोवऱ्या. पऱ्हाट्या तर जाळलेल्याच बऱ्या, बांधावर रचून ठेवल्या की गुलाबी बोंडअळी त्यात दडून पुढच्या हंगामाला परत कपाशीवर येते, कृषी विद्यापीठवाले दरवर्षी कानीकपाळी ओरडतात. फुकट जळण, दहा माणसांच्या अंघोळी, लाइट गेली तरी फिकीर नाही. त्रास एवढाच की पहाटे उठून पेटवायला माणूस पाहिजे, आणि ते बहुतेक वेळा घरातली बाईच असते, तिच्या डोळ्यात धूर जातो, तिचा वेळ जातो, तो कुणी हिशोबात धरत नाही. बंब अंगणात, उघड्यावर, आणि पेटवायची पाळी सगळ्यांची असेल तरच मी बंबाच्या बाजूचा.

एक गोष्ट कुठलाच दुकानदार सांगत नाही. घरी बोअर असेल तर अंघोळीचं पाणी गच्चीच्या टाकीतून घेऊ नका. ती टाकी रात्रभर उघड्या आभाळाखाली गार पडते, बोअरचं ताजं पाणी मात्र थंडीत पण पंचवीस-सव्वीस अंशाच्या घरात असतंय, सकाळी वाफ निघताना दिसते बघा. सोळापासून तापवायच्या ऐवजी सव्वीसपासून तापवलं की चाळीस टक्के खर्च तिथंच वाचला. मोटर दहा मिनिटं चालवून बादल्या थेट भरून घ्या, मग त्यात रॉड टाका नाहीतर गॅसवर पातेलं ठेवा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी फार डोकं लावू नये, पंधरा लिटरचा गिझर घ्या, घर सोडताना काढून नेता येतो. सगळ्यांनी लागोपाठ अंघोळ उरकायची, तासातासानं एकेक जण गेला की पाणी परत परत तापवावं लागतं.

राहिला खोलीचा हीटर. २००० वॅटचा ब्लोअर तासाला दोन युनिट, रोज तीन तास लावला तर सहा युनिट म्हणजे सत्तर रुपयाच्या वर, चौघांच्या अंघोळीच्या अडीच पट. जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या जाड छताच्या घराला तो लागतच नाही, पत्र्याच्या घरात लावला तरी ऊब वरच्या वर निघून जाते, तिथं आधी पत्र्याखाली थर्माकोलचं सीलिंग मारा आणि दाराखालची फट जुन्या साडीच्या गुंडाळीनं बुजवा. बाळंतीण नाहीतर म्हातारं माणूस घरात असेल तर अंघोळीच्या आधी-नंतर अर्धा तास हीटर जरूर लावा, तिथं पैसा बघू नये. कोळशाची शेगडी मात्र दार लावलेल्या खोलीत रात्री कधीच ठेवू नका, गॅस गिझरमधून निघतो तोच वायू तिच्यातूनही निघतो. बाळंतिणीला शेक द्यायचा असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून द्या आणि झोपायच्या आधी शेगडी बाहेर नेऊन विझवा.