ब्युटेन, इथेनॉल की सीओटू? कॅनॅबिस तेलाचं युनिट निवडताना आगीचा हिशोब

अमेरिकेत किंवा कॅनडात कॅनॅबिस एक्स्ट्रॅक्शनच्या, म्हणजे गांजाच्या झाडाच्या पाल्यातून तेल काढायच्या, लायसन्सवाल्या कंपनीतून तुम्हाला ऑफर आली असेल, किंवा कोणी पार्टनर व्हा म्हणून मागे लागलं असेल, तर यील्ड आणि मार्जिनचे आकडे तुमच्यासमोर आधीच आले असतील. मला त्याआधीचं बोलायचंय, म्हणजे त्या खोलीत सॉल्व्हंट (पाल्यातलं तेल विरघळवून बाहेर काढणारं रसायन, ब्युटेन, इथेनॉल किंवा सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड) गळलं तर काय होईल. (भारतातला कायदा पूर्ण वेगळा आहे, खालचं सगळं तिकडचं आहे.) आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, मशीनवर कोणत्या सॉल्व्हंटचं नाव आहे एवढ्यावर ठरवू नका, पाला आत येतो तिथपासून तेल बाहेर पडेपर्यंत पूर्ण लाइन बघा.

ब्युटेनपासून सुरू करतो कारण सगळ्यात जास्त जीव तिथेच टांगणीला लागतो. उकळतं उणे अर्ध्या अंशाला, म्हणजे पाइपातून बाहेर आलं की गॅसच. एक लिटर लिक्विडचा साधारण २३० लिटर गॅस होतो आणि हवेत १.८ टक्के झालं की पेटायला तयार, हिशोब केला तर एक लिटर सांडलेलं ब्युटेन ८ बाय ७ फुटांची, ८ फूट उंचीची अख्खी खोली पेटण्याजोगी करू शकतं. प्रत्यक्षात ते असं सगळीकडे सारखं पसरत पण नाही, हवेच्या दुप्पट जड असल्यामुळे जमिनीलगत साचतं, ड्रेनमध्ये उतरतं, शेजारच्या खोलीत दाराखालून जातं. त्यात घरच्या सिलिंडरला मुद्दाम घातलेला तो घाण वास असतो ना, तसा एक्स्ट्रॅक्शनच्या ब्युटेनला नसतो, कारण तो वास तेलात उतरेल. म्हणजे नाकावर भरवसा शून्य, जे काय ते जमिनीजवळ लावलेल्या डिटेक्टरवर. आणि ठिणगी म्हणाल तर हाताला जाणवणारही नाही एवढी स्टॅटिकची ठिणगी पुरते.

आता गळतं कधी? लोकांना वाटतं मशीन चालू असताना. क्लोज्ड लूप (ब्युटेन बंद पाइपांतच फिरतं आणि परत टाकीत येतं) नीट असेल तर तेव्हा तसं कमीच, खरी गडबड कॉलम, म्हणजे पाला भरलेली नळी, उघडताना होते. आतला पाला गार पडलेला असतो आणि त्यात ब्युटेन अडकून राहिलेलं असतं, ते परत ओढून घ्यायला (रिकव्हरी) वेळ लागतो, पुढची बॅच वाट बघत असते, मग कोणीतरी प्रेशर गेज शून्यावर बघून क्लॅम्प सोडतो आणि तो ओला पाला खोलीत गॅस सोडायला लागतो. क्लॅम्पची गॅस्केट पण गारठून कडक होतात, ती दर वेळी बघायलाच हवीत. जुलै २०१५ मध्ये न्यू मेक्सिकोत सांता फे इथे एका लायसन्स असलेल्या उत्पादकाकडे एक्स्ट्रॅक्शन करताना स्फोट झाला, दोन कामगार गंभीर भाजले. म्हणजे हे फक्त गॅरेजमध्ये चोरून करणाऱ्यांचंच होतं असं नाही. आणि नुसता साठा पण काय करतो ते लॉस एंजेलिसला १६ मे २०२० ला दिसलं, डाउनटाउनमध्ये अशाच मालाच्या सप्लायरच्या इमारतीत आग लागली आणि आत शिरलेले दहापेक्षा जास्त फायरफायटर जखमी झाले. दुसऱ्यांची पोरं ती, आपल्या साठ्यापायी भाजलेली.

इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, ते वापरणारे सांगतील की आमच्याकडे प्रेशर नाही, त्यामुळे सेफ. अर्धं खरं आहे. सांडलं तर लगेच गॅस होत नाही, पाण्यात मिसळतं, उणे ४० ला गार करून वापरतात तेव्हा वाफ जवळजवळ नसते. पण शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) १३ अंश आहे, म्हणजे साध्या खोलीच्या तापमानाला ते कायम पेटण्याच्या अवस्थेतच असतं. टाकीत गार आहे हो, पण सेंट्रिफ्यूजमधून काढलेला ओला पाला ड्रममध्ये भरून कोपऱ्यात ठेवला की तासाभरात तो गरम होतो आणि वाफ सोडतो, तिकडे कोणाचं लक्ष नसतं. पुढे तेलातलं इथेनॉल उडवून लावणारा इव्हॅपोरेटर तर मुद्दाम तापवलेलाच. ज्वाला फिकट निळी, भर उजेडात पटकन दिसत पण नाही, आणि साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही, अल्कोहोल रेझिस्टंट फोमच लागतो.

इथेनॉलचा खरा धोका मला विचाराल तर क्वांटिटी. ब्युटेनच्या खोलीला लोक घाबरून असतात, इथेनॉलचे ड्रम मात्र एकावर एक वाढत जातात. इंटरनॅशनल फायर कोडप्रमाणे एका कंट्रोल एरियात (इमारतीचा आगरोधक भिंतींनी वेगळा केलेला भाग) १२० गॅलन, म्हणजे साधारण ४५४ लिटर साठा चालतो, स्प्रिंकलर असतील तर दुप्पट, उघड्या भांड्यातला वापर मात्र ३० गॅलनच. त्याच्या वर गेलात की इमारतीचा वर्गच बदलतो, खर्च भलताच वाढतो. धंदा वाढवायचा प्लॅन दाखवतील तेव्हा हे विचारा. कॅलिफोर्नियात लायसन्ससाठी इथेनॉल नॉन-व्होलाटाइलमध्ये धरतात, म्हणून निर्धास्त होऊ नका, फायर कोडला ते ज्वालाग्राहीच आहे.

सीओटू पेटत नाही, तेवढी बाजू पक्की. पण ३१ अंश आणि ७४ बार दाबाच्या वर ते सुपरक्रिटिकल होतं (धड द्रव नाही, धड वायू नाही) आणि मशीनं शे-दोनशे बार, कधी त्याहून जास्तीवर चालतात, त्यामुळे वेसल आणि रिलीफ व्हॉल्व्ह दर्जेदार हवेतच. दुसरं म्हणजे गुदमरणं. अमेरिकेत आठ तासांसाठी ०.५ टक्के मर्यादा आहे आणि ४ टक्क्यांना जिवाला धोका. अनेक जण फक्त ऑक्सिजन मीटर लावतात, पण हवेत ४ टक्के सीओटू झालं तरी ऑक्सिजन २० च्या आसपासच दाखवतो आणि अलार्म १९.५ ला असतो, म्हणजे वाजणारच नाही! वेगळा सीओटू सेन्सर पाहिजे म्हणजे पाहिजेच. आणि सीओटूने काढलेल्या तेलात मेण येतं, ते काढायला बहुतेक ठिकाणी विंटरायझेशन करतात, म्हणजे तेल इथेनॉलमध्ये विरघळवून, गार करून, गोठलेलं मेण गाळतात. झालं, आग मागच्या दाराने परत आत.

रोझिन प्रेस, म्हणजे गरम प्लेटमध्ये दाबून काढायचं, सॉल्व्हंट नाहीच, आगीच्या दृष्टीने सगळ्यात निवांत, पण माल कमी निघतो.

माझं मत स्पष्ट आहे. भिंतीला लागून दुसऱ्याचं दुकान किंवा ऑफिस असेल तर ब्युटेन नकोच, कितीही चांगलं मशीन असो. मोकळी स्वतंत्र इमारत, वेगळी एक्स्ट्रॅक्शन रूम आणि लाइव्ह रेझिनसारखाच (ताज्या गोठवलेल्या पाल्यातून काढलेला, वासाचा अर्क) माल काढायचा असेल तर ब्युटेनचा विचार करा. बल्क डिस्टिलेट (ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेलं तेल, मोठ्या प्रमाणात) काढायचं असेल तर इथेनॉल, पण इमारत पहिल्या दिवसापासून त्या क्वांटिटीची घ्या. बाकी नवीन माणसांची टीम असेल तर मी सीओटूच म्हणेन, महाग आणि हळू असलं तरी, फक्त विंटरायझेशनची खोली इथेनॉलच्या नियमांनी बांधून घ्या.

ब्युटेनच्या युनिटला भेट द्यायला गेलात तर इंजिनियरने सही केलेला मशीनचा टेक्निकल रिपोर्ट मागा, गॅस डिटेक्टर किती टक्क्यांना वाजतो विचारा (पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या २५ टक्क्यांपर्यंत वाजायलाच हवा), आणि सॉल्व्हंट नसताना एक्झॉस्ट फॅन बंद करून दाखवा म्हणा. फॅन थांबल्यावर त्या खोलीतले लाइटचे स्विच आणि सॉकेट आपोआप बंद पडले पाहिजेत. नाही पडले तर तिथे सही करू नका.